धर्माचा रकाना

मिस्साबलीत ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण सर्वजण एक कबुली देतो. प्रभूने आपल्या छपराखाली यावे एवढी आपली योग्यता नाही, असे आपण म्हणतो. हे उद्‍गार मुळात कफर्णहूमच्या रोमी शताधिपतीचे, हे वाचकांस ठाऊकच आहे. आम्हीही ते लहानपणापासून म्हणत आलो आणि खरे सांगावयाचे तर फार सहजपणे म्हणत आलो. ते म्हणताना आम्हांला कधी जड गेले नाही. का जावे? आठवड्याचे सहा दिवस गाव आम्हांला तेच सांगत होता. सातव्या दिवशी आम्ही ते देवाला सांगत होतो, एवढाच फरक.

पुढे पुष्कळ वर्षांनी लक्षात आले की तो शताधिपती आणि आम्ही एकच वाक्य बोलत असलो, तरी एकच गोष्ट बोलत नव्हतो. त्याच्या एका शब्दावर शंभर शिपाई हलत. तो आपली योग्यता जाणून होता, म्हणूनच ती प्रभूच्या पायाशी ठेवू शकला. आमच्या हातात ठेवण्याजोगे काहीच नव्हते. नम्रता ही ज्याच्यापाशी काही आहे त्याने करावयाची गोष्ट आहे. ज्याला उभेच राहू दिले नाही त्याने वाकून दाखविले, तर त्याला कोण नम्रता म्हणेल? आमच्या आयुष्यातली जी हकीकत पुढे सांगणार आहोत ती या एका फरकाची आहे, आणि ती सांगताना आम्हांला आजही संकोच वाटतो.

आमचे गाव जालना जिल्ह्यात, दुधनेच्या खोऱ्यात. जालन्याविषयी ‘जालना, सोने का पालना’ अशी जुनी म्हण आहे. सरकी, बियाणे, लोखंड यांच्या व्यापाऱ्यांना ती खरी वाटत असेल. आमचा पाळणा गावाच्या पूर्वेला, मांगवाड्यात, लुगड्याच्या झोळीचा होता. निजामाच्या अमदानीत परदेशी फादर घोड्यावरून या भागात येत. त्यांच्या हातून आमच्या आजोबांनी स्नानसंस्कार घेतला. वाड्यातली बावीस घरे हळूहळू ख्रिस्ती झाली. गावाने त्यामुळे आमची विहीर बदलली नाही की रस्ता बदलला नाही, फक्त एक नवे नाव दिले: बाटगे. १९७२ च्या दुष्काळात मिशनकडून धान्य आले, तेव्हा ‘गव्हासाठी बाटले’ असेही म्हणू लागले. आमचे आजोबा तर त्यापूर्वी कितीतरी वर्षे आधी ख्रिस्ती झाले होते, पण हिशेब कोण पाहतो!

वसईच्या वा मुंबईच्या आमच्या बांधवांना पुढची अडचण चटकन ध्यानात येणार नाही. त्यांच्या आडनावातच त्यांचा धर्म सांगून होतो. डिसोजा, परेरा, लोपीस असे नाव घेतले की निराळे काही सांगावे लागत नाही. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाचे आडनाव शेजारच्या हिंदू घरासारखेच असते. त्यामुळे तो दोन नावांनी जगू शकतो. देवळात आम्ही दाविद, शाळेच्या दप्तरी देवीदास. दाखल करतेवेळी हेडमास्तरांनी वडिलांना काही न विचारता ‘हिंदू-मांग’ असे लिहिले, कारण त्या वाड्यातून येणाऱ्या प्रत्येक मुलापुढे ते तेच लिहीत. वडिलांना वाचता येत नव्हते. पुढे आम्हांला वाचता येऊ लागले, तेव्हा आम्ही ते वाचले आणि तसेच राहू दिले.

राहू देण्याचे कारण उघड होते. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. कायद्याची समजूत अशी की माणूस ख्रिस्ती झाला की त्याची जात गळून पडते. कागदावर ती गळते. पाणवठ्यावर गळत नाही. १९७८ च्या जुलैत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटविल्या गेल्या. पेटविणाऱ्यांनी बाप्तिस्म्याचे रजिस्टर पाहून एखादे घर वगळले, असे आम्ही तरी ऐकले नाही. आणि आपल्या ख्रिस्तसभेतही ती पुरती गळलेली नाही, हे २०१६ मध्ये भारतीय बिशप परिषदेने आपल्या धोरणपत्रात कबूल केले, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. असो. १९७५ मध्ये आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झालो, तो मागासवर्गीयांच्या जागेवर, त्याच जुन्या दाखल्यावर.

आता मुख्य गोष्ट. १९९१ च्या जनगणनेत आम्हांला प्रगणक नेमले. शिक्षकांना हे काम चुकत नाही. ९ ते २८ फेब्रुवारी हा मोजणीचा काळ होता. तालुक्याला प्रशिक्षण झाले. तेथे दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, माणूस आपला धर्म जो सांगेल तोच लिहावयाचा, प्रगणकाने आपले मत घालावयाचे नाही. दुसरी, १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे ही माहिती गुप्त राहते, ती कोणत्याही कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे भिण्याचे काहीएक कारण नव्हते. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण पुढे जे केले त्याला भीतीचे निमित्तही उरत नाही.

आमच्या वाड्यातली घरे आम्ही तीन संध्याकाळी मोजली. ज्याने जे सांगितले ते लिहिले. बहुतेकांनी ‘शाळंत जे हाय तेच लिव्हा, गुर्जी’ असे म्हटले. त्यांना पोरे शिकवावयाची होती. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. एका विधवा म्हातारीने मात्र मुलगा कोपराने ढोसत असताना ‘किरिस्ती’ असे ठणकावून सांगितले आणि आम्ही नीट लिहिले की नाही हे कळावे म्हणून चिठ्ठीवर बोट ठेवून ‘कुठं हाय ते दाव’ म्हणाली. आम्ही दाखविले. तिला अक्षर येत नव्हते, तरी तिने त्या अक्षरांकडे बराच वेळ पाहिले.

आमचे घर आम्ही शेवटी ठेवले. ती रात्र १२ फेब्रुवारीची होती. कंदिलापाशी बसून चिठ्ठ्या भरीत होतो. माय शेजारी हरभऱ्याचे घाटे सोलीत बसली होती. तिच्या चिठ्ठीवर धर्माच्या रकान्याशी आलो आणि हात थांबला. तिला विचारण्याचा नियम होता. आम्ही विचारले नाही. हिंदू म्हणून नोंद केली आणि पुढे जातीचे नाव लिहिले. मग आमच्या, पत्नीच्या, मुलांच्या चिठ्ठ्यांवर तेच. मायने मान वर न करता विचारले, “आपलं काय लिव्हलंस, दाविद?”

“जे हाय ते लिव्हलं, माय.”

“हां,” ती म्हणाली आणि घाटे सोलू लागली.

त्या गावात बावीस घरांच्या नोंदी आम्ही सांगितल्याप्रमाणे केल्या. न विचारता केलेली नोंद एकच, ती आमच्या घरची. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार होता. सकाळी सायकलने जाऊन कपाळाला राख लावून घेतली. फादर मातीची आठवण देत होते. आम्ही खाली पाहत होतो. परत येताना शाळेच्या अलीकडे, बाभळीपाशी, सायकल उभी केली आणि रुमालाने कपाळ पुसले. हे दरवर्षीच करीत असू, त्यात नवे काही नव्हते. त्या वर्षी मात्र रुमालावरचा काळा डाग पाहून पोटात कसेसे झाले. पेत्राची गोष्ट आठवली म्हणावी, तर तीही आम्हांला लागू पडत नव्हती. पेत्राला शेकोटीपाशी लोकांनी विचारले होते. आम्हांला कोणीच विचारले नव्हते.

माय १९९६ मध्ये गेली. तिच्या उशाशी जपमाळ होती. ती पुरली कबरस्तानात, मोजली गेली दुसऱ्या रकान्यात. हे तिला कधी कळले नाही, आणि तेच आम्हांला अधिक खुपत राहिले.

मधल्या वर्षांत जालन्यास एका वृद्ध प्रोटेस्टंट शिक्षकांचा सहवास घडला. त्यांच्या तोंडून बेथेलची हकीकत प्रथम सविस्तर ऐकली. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले तरुण १८४३ मध्ये मुंबईस स्कॉटिश मिशनऱ्यांच्या हातून ख्रिस्ती झाले. पुढे ते जालन्यास आले आणि सालारजंगांच्या राजवटीत निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी शहराजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. येथल्या मांग-महारांना त्यांनी ख्रिस्ताकडे आणले, आणि त्यांच्यासाठी घरे, शाळा, प्रार्थनामंदिर उभे केले. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल परिषदेपुढे ते बोलले. आपल्या पंथाचे नसले तरी जालन्याच्या मातीत अशी माणसे झाली याचा आम्हांला अभिमान वाटतो. नावही त्यांनी किती नेमके निवडले! भावाच्या धाकाने पळालेला याकोब उघड्यावर धोंडा उशाला घेऊन निजला, आणि तीच जागा देवाचे घर ठरली. आमच्या वाड्यातल्या प्रत्येक माणसाच्या उशाला असा धोंडा होता.

पण ती हकीकत ऐकताना आमचे मन अडकले ते दुसऱ्याच ठिकाणी. नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्यांच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे गेला होता. वय सुमारे बारा वर्षे. वडील कोर्टात गेले. कोर्टाने मुलगा अजाण ठरवून त्याला वडिलांच्या हवाली केले. मग त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबईत मोठे वादळ उठले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष त्यांनी पत्करला. मिशनरी, शास्त्री, न्यायाधीश, संपादक, सर्वांनी श्रीपतविषयी मत दिले. आम्ही त्या शिक्षकांना विचारले, “सर, त्या पोराला काय पाहिजे होते?” ते म्हणाले, “ते विचारायला कोर्ट तयार नव्हते.” आम्ही त्या दिवशी घरी येईपर्यंत गप्प होतो. बारा वर्षांच्या मुलाला त्याचा धर्म विचारला नाही म्हणून आम्हांला दीडशे वर्षांपूर्वीच्या न्यायाधीशांचा राग आला होता. आणि सत्तर वर्षांच्या मायला?

आणखी एक विचार तेव्हापासून मनात घर करून आहे. नारायणरावांनी ख्रिस्तासाठी पुष्कळ सोडले: जात, घर, वारसा. त्यागाच्या कथा सांगताना आपण अशाच माणसांच्या सांगतो. बेथेलच्या मांग-महारांनी काय सोडले, हे कोणी विचारीत नाही, कारण सोडण्यासारखे त्यांच्यापाशी काही होते असे कोणाला वाटतच नाही. आमच्या मते त्यांचे काम अधिक कठीण होते. आपण टाकाऊ आहोत ही पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री त्यांना सोडावयाची होती. ती सवय वारसाहक्कापेक्षा चिवट असते, हे आम्ही स्वतःवरून जाणतो. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिमेत घडविले यावर कितीतरी प्रवचने आम्ही ऐकली. ऐकताना बरे वाटे. पण त्या प्रतिमेत आम्हीही येतो, हे दहा माणसांत उभे राहून कधी बोललो नव्हतो, आणि न बोललेली गोष्ट अंगी मुरत नाही.

२००१ ची जनगणना आली. पुन्हा आम्हीच प्रगणक. पुन्हा ९ ते २८ फेब्रुवारी. आणि योगायोग असा की त्या वर्षी २८ फेब्रुवारीलाच राखेचा बुधवार आला. त्या रात्री बेघर माणसांची मोजणी करावयाची असते. संध्याकाळच्या मिस्साहून आम्ही थेट माळावर गेलो. तेथे भटक्यांची चार पालं उतरली होती. गाढवे, कोंबड्या, तीन दगडांच्या चुली. एक म्हातारा पुढे आला. नाव, वय, धंदा विचारून झाले. त्याने आपल्या बापाचे, आज्याचे नावसुद्धा न विचारता सांगितले आणि ‘समदं लिव्हा’ असा आग्रह धरला. रकान्यात तेवढी जागा नव्हती. मग बॅटरीच्या उजेडात आमच्याकडे निरखून पाहत तो म्हणाला, “गुर्जी, कपाळाला काय लागलं? पुसा की.”

रुमाल खिशात होता. बरोबर गावातली दोन माणसे होती, त्यांपैकी एक आमच्याच शाळेच्या समितीवरचा.

“ते लागलेलं नाही, बाबा,” आम्ही म्हणालो. “आम्ही ख्रिस्ती आहोत. आज आमचा राखेचा दिवस.”

तो ‘असं व्हय’ म्हणाला आणि आपल्या सुनेचे वय सांगू लागला. बरोबरच्या माणसांनीही काही म्हटले नाही. एवढेच घडले. अठ्ठेचाळीस वर्षांचे होऊन ते चार शब्द गावच्या हद्दीत आम्ही प्रथम मोठ्याने बोललो, आणि जग कोसळले नाही. गुडघे मात्र थरथरत होते. घरी येईपर्यंत ते थांबले. आत्मसन्मान म्हणतात तो आधी मनात उपजतो आणि मग माणूस काही करतो, अशी आमची समजूत होती. आमच्या बाबतीत तरी ते उलटे झाले. आधी तोंडून शब्द गेले, मन मागाहून आले.

घराची नोंद या खेपेसही शेवटी ठेवली होती. पत्नीला आणि बारावीत असलेल्या मुलाला जवळ बसविले आणि नियमाप्रमाणे विचारले. पत्नी म्हणाली, “मायनं जे सांगितलं असतं ते लिव्हा.” तिला सारे ठाऊक होते; दहा वर्षे ती बोलली नव्हती. मुलगा म्हणाला, “कामून उकरता, बाबा? माझे ॲडमिशन तोंडावर आले आहे.” तोही खोटे बोलत नव्हता. जनगणनेच्या कागदाने त्याचे काही बिघडणार नव्हते, हे आम्ही त्याला समजावले. पण आम्हांला ठाऊक होते की गोष्ट आता त्या कागदावर थांबणार नाही. ख्रिस्ती लिहिले. जातीच्या रकान्यात, नियमाप्रमाणे, काही लिहिता आले नाही.

थांबली नाहीच. पुढच्या उन्हाळ्यात मुलाच्या जातीच्या दाखल्याची वेळ आली, तेव्हा जुना मजकूर पुन्हा लिहून देण्याचे आमच्याने झाले नाही. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना आपल्या राज्यात इतर मागासवर्गात धरतात. त्याप्रमाणे कागद करावयास घेतले. एका कचेरीतल्या कारकुनाने आमच्याकडे वेड्यासारखे पाहिले. “मास्तर, लोक वर चढायला धडपडतात, तुम्ही उतरता कशाला?” असे तो म्हणाला. कागद वेळेवर झाले नाहीत. मुलाची पदविकेची जागा गेली, शिष्यवृत्ती तर नव्हतीच. तो एका लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर लागला. सहा महिने आमच्याशी बोलला नाही. बोलला तेव्हा एकच म्हणाला: “तुमची नोकरी झाली त्या कागदावर. माझ्या वेळेला तुम्हांला देव आठवला.”

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. श्रद्धेने पाऊल टाकावे असे आपण म्हणतो, पण त्या पावलाखाली पुष्कळदा दुसऱ्याचाच पाय येतो. आम्ही आमच्या धर्मगुरूंकडे गेलो. नोकरी सोडावी काय, असे विचारले. त्यांनी बराच वेळ घेतला. ते म्हणाले की, कायद्याने तुमच्या बापासमोर दोनच दारे ठेवली, पोट किंवा नाव. हा अन्याय तुम्ही केलेला नाही आणि एकट्याने तो फेडताही येणार नाही. राहिलेली वर्षे त्या वाड्यातल्या पोरांना शिकवा. मुलाची क्षमा मागा, पण खरे सांगितल्याबद्दल नव्हे, उशिरा सांगितल्याबद्दल. आम्ही दोन्ही केले. पहिले सोपे गेले. निवृत्तीपर्यंत, आणि त्यानंतरही काही वर्षे, ओसरीवर रोज संध्याकाळी दहावीची मुले बसत. दाखल्यावर काय लिहावे, हे आम्ही त्यांतल्या एकालाही सांगितले नाही.

मुलगा भट्टीवरून पुढे फोरमन झाला. जालन्यात त्याचे दोन खोल्यांचे घर आहे. रविवारी तो मिस्साला येतो, पण ती कबुली देताना त्याचे ओठ हलत नाहीत, हे आम्ही शेजारी उभे राहून पाहिले आहे. आम्ही त्याला त्याविषयी छेडीत नाही. आमचे मात्र अलीकडे त्या वाक्याशी जमू लागले आहे. ते म्हणताना आता घशाशी थोडे अडते.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. ती आता १ मार्च २०२७ ही तारीख आधार मानून व्हावयाची असून, या खेपेस सर्वांची जातही विचारली जाईल आणि माणसाला आपली माहिती मोबाइलवर स्वतः भरता येईल, असे सरकारने जाहीर केले आहे. धर्मांतरित दलितांना अनुसूचित जातीत घ्यावे की नाही याचा विचार करण्यासाठी २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोगही नेमला गेला. आमच्या वाड्यात दोन्ही बातम्या रोज चघळल्या जातात. परवा नातीने सहज विचारले, “आजोबा, आपल्या घरचं कोण भरणार?” आम्ही काही बोलण्यापूर्वी मुलगा म्हणाला, “मी भरीन.”

तो काय भरील, हे आम्ही विचारले नाही. थोड्या वेळाने तोच उठून आमच्याजवळ आला आणि म्हणाला, “आजीचं पूर्ण नाव काय होतं, बाबा? बाप्तिस्म्याचं?”

आम्ही सांगितले. त्याने ते एका कागदावर लिहून घेतले आणि अक्षर बरोबर आहे का म्हणून आमच्यापुढे धरले.